नऊशे नव्याण्णवची पैठणी

हातमागावरची अस्सल रेशमी पैठणी विणायला कित्येक आठवडे, कधी महिनेही लागतात. ती ९९९ रुपयांत मिळणे शक्य नाही. तरीही सणासुदीच्या तोंडावर फेसबुक-इन्स्टाग्रामवर अशा जाहिरातींचा सुळसुळाट होतो. फोटो बहुधा खऱ्या दुकानाचे उचललेले, ‘शेवटचे दोन तास’ अशी घाई आणि प्रतिक्रिया बंद. खरी कसोटी संकेतस्थळावर लागते. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार विक्रेत्याचे नाव, पत्ता आणि तक्रार निवारण अधिकाऱ्याचा संपर्क देणे बंधनकारक आहे. फसव्या पानावर अनेकदा नुसता व्हॉट्सॲप क्रमांक असतो. ‘कॅश ऑन डिलिव्हरी’ही निर्धास्त नव्हे: सहसा पैसे मोजल्यावरच पार्सल उघडता येते आणि आत निघते पॉलिस्टर. मग ‘रिफंड’साठी यूपीआय पिन मागणारा फोन आला, तर ती दुसरी फसवणूक. पैसे घ्यायला पिन लागतच नाही.

जाहिरातीच्या कोपऱ्यातील तीन टिंबांवर दाबून तिची तक्रार करता येते. मात्र आधी स्क्रीनशॉट घ्यावा, कारण जाहिरात नाहीशी झाली की पुरावाही जातो. पैसे गेले असतील तर तत्काळ सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन करावा. रक्कम पुढच्या खात्यात सरकण्याआधीच ती गोठवता येण्याची आशा असते. विक्रेत्याविरुद्ध तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.