तुग्यानीची आठवण

उस्मानिया रुग्णालयाच्या आवारात चिंचेचे एक जुने झाड उभे आहे. आजाऱ्याला भेटावयास गेलेली माणसे घटकाभर त्याच्या सावलीत बसतात आणि उठून जातात. 28 सप्टेंबर 1908 रोजी मुसी नदी या आवारावरून वाहत होती, आणि या एका झाडाच्या फांद्यांना बिलगून सुमारे 150 माणसांनी आपले प्राण वाचविले, हे त्यांतील कितीजणांस ठाऊक असेल? जुन्या हैदराबादेने त्या पुराला 'तुग्यानी' म्हटले. आपल्यापैकी ज्यांची घराणी चार-पाच पिढ्या येथे नांदत आहेत, त्यांच्या कानी हा शब्द बालपणी कधीतरी पडला असेलच.

नवरात्र बसून दोन-तीन दिवस झाले होते. रमजानही नुकताच लागला होता. आदल्या दिवसापासून पाऊस खळला नव्हता. शमशाबादेस 24 तासांत सुमारे 13 इंच आणि 48 तासांत सुमारे 19 इंच पाऊस पडला. अनंतगिरीच्या डोंगरात उगम पावणारी, एरवी गुडघाभर पाण्याने वाहणारी मुसी पुराणापुलावरून वाहू लागली. अफझलगंजचे रुग्णालय वाहून गेले, वस्त्यांच्या वस्त्या जमीनदोस्त झाल्या. मृतांचा आकडा अंदाजे 15,000 सांगितला जातो. उर्दूचे थोर कवी अमजद हैदराबादी त्या पुरातून वाचले, पण आई, पत्नी आणि मुलगी त्यांच्या डोळ्यांदेखत गेली.

हा केवळ आभाळाचा कोप होता काय? पुढल्या वर्षी निजाम सरकारच्या निमंत्रणावरून सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या येथे आले. पुण्याच्या सायन्स कॉलेजात शिकलेले, मुंबई इलाख्यात नोकरी केलेले आणि खडकवासल्याच्या तलावावर 1903 मध्ये आपोआप उघडणारे दरवाजे बसविणारे हे अभियंते आपल्या मंडळींना परके नव्हते. त्यांनी पाहिले की, शहराच्या वर मुसीच्या खोऱ्यात लहानमोठे 788 तलाव होते, आणि त्यांपैकी 221 तलाव त्या पावसात फुटले होते. हे तलाव माळेतल्या मण्यांसारखे एकाखाली एक बांधलेले असतात. वरच्याचे जादा पाणी सांडव्यावरून खालच्यात उतरते. वरचा बांध खचला की त्याचे सारे पाणी एकदम खालच्यावर येते, तो फुटतो, मग त्याच्या खालचा. दोन दिवसांचा पाऊस अशा रीतीने काही तासांत शहरावर कोसळला.

विश्वेश्वरय्यांचा निष्कर्ष स्पष्ट होता: पूर शहरात अडवावयाचा नसतो, शहराच्या वर अडवावयाचा असतो. त्यांच्या योजनेतूनच गंडीपेठजवळ मुसीवर उस्मानसागर 1920 मध्ये, आणि तिला मिळणाऱ्या ईसी नदीवर हिमायतसागर 1927 मध्ये पुरा झाला. शहराला पिण्याचे पाणी मिळाले हा त्यांचा दुसरा लाभ. त्यांचे पहिले काम पुराचे पाणी पोटात घेऊन ते सावकाश सोडणे हे होते. त्यासाठी तलावात जागा रिकामी ठेवावी लागते. भरलेल्या घागरीत आणखी पाणी कोठे मावणार?

धरण झाले म्हणून निजावयाचे नसते, हेही आपण जाणतो. 12 जुलै 1961 रोजी पानशेत फुटले, त्याच्या लोंढ्याने खडकवासलाही फुटले आणि पुण्याच्या नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. आपल्यातील अनेकांचे आप्त तेव्हा त्या पेठांत राहत होते.

आणि हैदराबाद? ऑगस्ट 2000 मध्ये आणि पुन्हा ऑक्टोबर 2020 मध्ये येथे घराघरांत पाणी शिरले, ते मुख्यतः नाल्यांचे आणि तलावांचे होते. 13 ऑक्टोबर 2020 च्या पावसात घटकेसरला 32 सेंटीमीटर नोंद झाली. त्याच आठवड्यात बालापूरच्या गुर्रम चेरुवूचा बांध फुटला. सप्टेंबर 2025 मध्ये दोन्ही सागरांचे दरवाजे उघडावे लागले आणि मुसी इमलीबनच्या बसस्थानकात शिरली. नदीच्या पात्रातली जागा आपण घेतली, नदी ती विसरली नाही.

मोठी धरणे सरकारने सांभाळावीत. परंतु आपल्या गल्लीचा उतार, आपल्या वस्तीचा नाला आणि जवळच्या तलावाचा सांडवा यांवर नजर ठेवणे हे शेजाऱ्यापाजाऱ्यांचे काम आहे. वैशाखात, नाला कोरडा असताना, चार जणांनी त्याच्या काठाने चालून पाहावे: गाळ कोठे साचला आहे, कोणी भराव घातला आहे, पाणी कोठे अडेल. तक्रार मृगापूर्वी लेखी द्यावी. आश्विनात ओरडून उपयोग नाही. घर जुन्या तलावाच्या जागेवर नाही ना, हे घेण्यापूर्वी विचारावे.

प्रत्येक गल्लीत एक यादी असावी: एकटे राहणारे वृद्ध कोण, अंथरुणाला खिळलेले कोण, पहिल्या माळ्यावर दहा माणसांना रात्र काढता येईल असे घर कोणाचे. घराची कागदपत्रे आणि औषधे पाणी न शिरणाऱ्या डब्यात, उंच फळीवर ठेवावीत. पाणी उंबरठ्याशी येताच विजेचा मुख्य खटका बंद करावा. वाहत्या पाण्यातून, ते गुडघ्याइतके दिसले तरी, चालू नये. खाली उघडे गटार असू शकते. पूर ओसरल्यावर पाणी उकळूनच प्यावे. गणेशोत्सवासाठी आपली मंडळे महिनाभर माणसे, मांडव आणि वर्गणी जमवितात. त्याच हातांना या कामाची एक दिवसाची तालीम देणे अवघड आहे काय?

दरवर्षी 28 सप्टेंबरला काही नागरिक त्या चिंचेखाली जमून तुग्यानीतल्या मृतांचे स्मरण करतात. आपणही यंदा मुलानातवंडांना घेऊन तेथे जावे, आणि त्यांना सांगावे की पाणी या फांद्यांपर्यंत चढले होते. मग घरी परतताना वाटेतला नाला त्यांना दाखवावा. त्या दिवशी ज्यांना झाड सापडले ते वाचले. ज्यांना सापडले नाही त्यांच्यासाठी आपण अजून काही केले पाहिजे.