पोहायला शिकताय? मग टोपी पारखून घ्या!

उन्हाळ्याची सुटी जवळ आली की ठाणे, कल्याण, डोंबिवली परिसरात पोहण्याच्या वर्गांची चौकशी सुरू होते. ठाण्यातील महापालिकेचा मारोतराव शिंदे तरण तलाव आणि डोंबिवलीच्या ह.भ.प. सावळाराम महाराज म्हात्रे क्रीडा संकुलातील तरण तलाव ही नावे आपल्याकडे घरोघर माहीत आहेत. पूर्वी वस्तीतली मुले विहिरीत, खाडीत, नाहीतर खडी काढून सोडून दिलेल्या खदानीत पोहायला शिकत. शिकत ते मुलगेच. मुली काठावर धुणे धूत असत. आता मुलीच नव्हे, त्यांच्या आयाही नाव घालतात, ही समाधानाची गोष्ट आहे.

पण अर्ज भरला की हातात सूचनांचा कागद पडतो आणि बऱ्याच ठिकाणी त्यात लिहिलेले असते, 'टोपी आवश्यक'. इथेच कित्येकींचे पाऊल अडते. वस्त्यांत काम करताना आम्हाला हे नेहमी ऐकायला मिळते. 'मुलीचे केस टोपीत मावत नाहीत, कापायला सांगतात, मग राहू दे ते पोहणे!' केसांपायी मुलीचे पोहणे सुटावे, ही गोष्ट आम्हाला पटत नाही. म्हणून या साध्या वस्तूविषयी चार गोष्टी सविस्तर लिहीत आहोत.

टोपी कशासाठी?

तलावाचे पाणी सतत गाळून पुन्हा आत सोडले जाते. गळालेले केस त्या गाळणीत आणि पंपात अडकतात, म्हणून टोपीचा नियम. दुसरे कारण शिकणाऱ्याच्या सोयीचे. श्वास घ्यायला तोंड वर काढावे आणि ओले केस डोळ्यांवर, तोंडावर चिकटावेत, की नवशिका माणूस घाबरतो. टोपीने ती अडचण टळते.

मात्र टोपीकडून भलती अपेक्षा ठेवू नये. टोपी घातली तरी केस थोडेफार भिजतातच. कानात पाणी जाणेही तिने पूर्ण थांबत नाही. आणि टोपी म्हणजे जीवरक्षक नव्हे. पोहता येईपर्यंत प्रशिक्षकाची नजर आणि उथळ पाणी, हेच खरे संरक्षण.

कोणती घ्यावी?

बाजारात मुख्यतः चार प्रकार मिळतात. कापडी म्हणजे लायक्राची टोपी मऊ, स्वस्त आणि घालायला सोपी. ती केस ओढत नाही, पण पाणी आत येते आणि क्लोरीनमुळे काही काळाने सैल पडते. लॅटेक्सची म्हणजे पातळ रबराची टोपीही स्वस्त. पण ती केसांना चिकटून ओढते आणि चटकन फाटते. काहींना लॅटेक्सची अ‍ॅलर्जी असते, त्यांनी ती घेऊच नये. सिलिकॉनची टोपी जाड, ताणली जाणारी आणि टिकाऊ. ती केस कमी ओढते, मात्र किंमत जास्त आणि उकाड्यात डोके तापते. चौथी, आतून कापड आणि बाहेरून पातळ लेप दिलेली. ती घालायला कापडी टोपीसारखी सोपी आणि पाणीही थोडे कमी येऊ देते.

लहान मुलांना आणि अगदी नवख्यांना आम्ही कापडी किंवा लेप दिलेली टोपी सुचवतो. पोहण्याची गोडी लागली, नियमित जाणे सुरू झाले, की सिलिकॉनची घ्यावी. मुलांसाठी लहान मापाची वेगळी टोपी मिळते. टोपी घट्ट बसावी, पण कपाळ दुखू नये. रंग भडक निवडावा. केशरी, पिवळी, गुलाबी टोपी काठावरून लगेच दिसते. निळी टोपी निळ्या पाण्यात हरवते.

लांब केसांचे काय?

लांब, दाट केसांसाठी मागे जास्त जागा असलेल्या मोठ्या टोप्या मिळतात. दुकानात तसे स्पष्ट सांगून मागावी. केसांचा सैल अंबाडा मानेच्या थोडा वर बांधावा. उंच बांधला तर टोपी वर सरकते. केस कापण्याची काही गरज नाही.

हा प्रश्न फक्त आपल्या मुलींचा नाही. आफ्रिकी वंशाच्या लोकांच्या दाट कुरळ्या केसांसाठी इंग्लंडमध्ये 'सोल कॅप' नावाची मोठी टोपी निघाली. 2021 साली टोकियो ऑलिंपिकच्या आधी 'फिना' या जागतिक जलतरण महासंघाने स्पर्धेसाठी तिला मान्यता नाकारली. ती डोक्याच्या नैसर्गिक आकाराप्रमाणे नाही, असे कारण दिले. डोके कोणाचे आणि आकार कोणी ठरवला, असा प्रश्न जगभरातून विचारला गेला. त्याच ऑलिंपिकमध्ये अ‍ॅलिस डिअरिंग ही ब्रिटनकडून ऑलिंपिकमध्ये पोहणारी पहिली कृष्णवर्णीय महिला ठरली. अखेर सप्टेंबर 2022 मध्ये त्या टोपीला मान्यता मिळाली. नियम माणसांसाठी असतात. आवाज उठवला तर ते बदलतात.

तेल, पिना आणि उवा

आपल्याकडे डोक्याला खोबरेल तेल लावण्याची सवय. पोहायला जाण्याच्या दिवशी ते टाळावे. तेलावरून टोपी घसरते, रबर लवकर खराब होते आणि तलावाचे पाणीही बिघडते. पाण्यात उतरण्याआधी साध्या पाण्याने केस भिजवावेत, म्हणजे ते क्लोरीनचे पाणी कमी शोषतात आणि टोपीही सहज चढते.

पिना, क्लिपा, कानातले, अंगठ्या आधी काढाव्यात. दोन्ही हातांनी टोपी आतून ताणून पुढची कड कपाळावर टेकवावी आणि मग मागे ओढावी. नखे लावू नयेत. सुरुवातीला आईने किंवा मैत्रिणीने पुढची कड धरून ठेवावी. काढतानाही मागून हळूहळू सोडवावी.

दोन बहिणींत एक टोपी वापरू नये. उवा आणि त्वचेचे विकार त्यातून पसरतात. टोपीच्या आत नाव लिहून ठेवावे. वापरानंतर साध्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवावी. तलावावरून थेट लोकल पकडून कामावर जाणाऱ्यांनी ओली टोपी दिवसभर प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंडू नये. ती चिकट होते, वास मारते.

थोडा हिशेब

समजा, शंभर रुपयांची टोपी चार महिन्यांत फाटली, तर खर्च महिना पंचवीस रुपये. तीनशेची दोन वर्षे टिकली, तर महिना साडेबारा. पण मूल पोहायला नियमित जाईल की नाही हेच ठाऊक नसेल, तर आधी स्वस्त घेणे शहाणपणाचे. खरेदीपूर्वी तलावावर कोणती टोपी चालते ते विचारून घ्यावे. महिला मंडळांनी वस्तीतल्या दहा-पंधरा मुलींसाठी एकत्र खरेदी केली, तर दुकानदाराशी घासाघीसही करता येते.

20 मार्च 1927 रोजी बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले, ते सार्वजनिक पाण्यावरचा माणसाचा हक्क सिद्ध करण्यासाठी. पुढे 1937 साली मुंबई उच्च न्यायालयाचा निकालही आपल्या बाजूने लागला. ज्या पाण्याला हात लावण्यासाठी आपल्या आज्या-पणज्यांना डोकी फोडून घ्यावी लागली, त्या पाण्यात आपल्या लेकींनी निर्भयपणे उतरावे. दरवर्षी पावसाळ्यात नदी, खाडी आणि खदानीत तरुण पोरे बुडाल्याच्या बातम्या आपण वाचतो. पोहणे ही चैन नाही, ती जिवाची विद्या आहे. तेव्हा भगिनींनो, या सुटीत मुलीचे नाव घाला, जमल्यास स्वतःचेही घाला, आणि टोपीच्या कारणाने कोणी मागे राहू नये याची काळजी घ्या.