पेटीचा कांठ

१९७८ सालीं जपानांत ‘स्पेस इन्व्हेडर्स’ आणि १९८० सालीं ‘पॅक-मॅन’ हे खेळ निघाले, तेव्हां ते पुरुषभर उंचीच्या पेट्यांत बसवून करमणुकीच्या दालनांत उभे करीत. तसली पेटी घरीं बनविण्याचा छंद आज अनेकांस लागला आहे. आंत लहानसा संगणक व पडदा बसविला, बाहेरून चित्रें डकविलीं, म्हणजे काम संपलें असें वाटतें. परंतु पेटीचें आयुष्य पुष्कळसें तिच्या कडेवर अवलंबून असतें.

बाजूच्या फळ्या बहुधा प्लायवुडच्या किंवा एमडीएफच्या असतात. फळीचा पृष्ठभाग घट्ट असला तरी कापलेली कड सच्छिद्र असते. तींत पाणी शिरलें कीं एमडीएफ फुगतें, आणि फुगलेलें पूर्ववत् होत नाहीं. शिवाय बूट, केरसुणी, दाराची चौकट यांचा पहिला तडाखा कडेसच बसतो. लुगड्याचा कांठ शोभेइतकाच टिकाऊपणासाठींही असतो. तसेंच येथें आहे.

कड झांकण्याचे मुख्य प्रकार दोन. पहिला सपाट पट्टीचा. ती केवळ डिंकाच्या बळावर राहते, म्हणून वारंवार घांसली गेल्यास कोपऱ्यांतून सुटूं लागते. दुसरा ‘टी-मोल्डिंग’चा. या लवचिक प्लास्टिक पट्टीस मागें दांतेरी कणा असतो. फळीच्या कडेंत राउटरनें खांच पाडून तो कणा रबरी हातोडीनें ठोकून बसवितात. दांते आंत पकड घेतात. खेळाच्या पेटीस हाच प्रकार अधिक भरंवशाचा.

रंग निवडतांना चकाकीस भुलूं नये. अंगभर एकाच रंगाच्या पट्टीवर ओरखडा सहसा उठून दिसत नाहीं. वरून चंदेरी मुलामा दिलेली पट्टी मात्र मुलामा उडतांच विटकी दिसते.

मापांत चूक झाल्यास ती जन्मभर खटकते. पाऊण इंची पट्टी सुमारें १९ मिलिमीटर रुंद असते. ती १८ मिलिमीटरच्या फळीवर बसविली तर कांठ बाहेर डोकावतो व हातास लागतो. त्याच फळीवर एका बाजूस १ मिलिमीटरचें लॅमिनेट चढविल्यास माप जुळतें. मात्र खांच एकूण जाडीच्या मध्यावर पाडावी लागते. खांच रुंद झाली तर पट्टी निसटते, अरुंद राहिली तर फळी उकलते. यास्तव टाकाऊ तुकड्यावर आधीं पारख करावी.

वळणावर कण्यास आंतून त्रिकोणी खांचा द्याव्या व पट्टी किंचित् ऊब देऊन वळवावी. ती ताणून मात्र बसवूं नये. ताणलेली पट्टी पुढें आखडते आणि सांध्यांत फट पडते. सांधा तळाशीं घ्यावा, म्हणजे नजरेस येत नाहीं.

सारांश, पट्टी बसते सर्वांत शेवटीं; पण तिची निवड फळी विकत घेण्यापूर्वीं झाली पाहिजे. हा क्रम उलटला, कीं कित्येक आठवड्यांची मेहनत एका उघड्या कडेपायीं विरूप होते.