मेदिनीपूरहून रोमला

सरकारी अधिकाऱ्याचे चरित्र म्हटले की नेमणुका, बदल्या आणि बढत्या यांची यादी डोळ्यांपुढे उभी राहते. बिनय रंजन सेन यांच्याही सेवेची अशी यादी करता येईल, आणि ती लहान होणार नाही. परंतु त्या यादीला अर्थ येतो तो तिच्या दोन टोकांमुळे. एका टोकाला बंगालमधील मेदिनीपूर जिल्हा आहे, दुसऱ्या टोकाला रोम. आणि या दोहोंना जोडणारा धागा भुकेचा आहे.

१८९८ साली जन्मलेले सेन कलकत्ता व ऑक्सफर्ड येथे शिकून १९२२ मध्ये इंडियन सिव्हिल सर्व्हिसमध्ये दाखल झाले. १९३७ साली ते मेदिनीपूरचे जिल्हाधिकारी झाले. हे पद सुखाचे नव्हते. १९३१ ते १९३३ या काळात तेथील तीन इंग्रज जिल्हाधिकारी क्रांतिकारकांच्या गोळ्यांना बळी पडले होते. पुढे १६ ऑक्टोबर १९४२ रोजी याच जिल्ह्यावर भीषण चक्रीवादळ कोसळले. सुमारे १४,५०० माणसे दगावली, लाखावर गुरे मेली आणि उभे भात खाऱ्या पाण्याखाली गेले. मदतकार्याचे आयुक्त म्हणून सेन यांच्यापुढे हे दृश्य आले. या वादळामागोमाग १९४३ चा दुष्काळ आला.

चौकशी आयोगाने त्या दुष्काळातील बळींची संख्या पंधरा लाख धरली. पुढील अभ्यासकांनी ती तीस लाखांच्या घरात असावी असे म्हटले आहे. ब्रह्मदेशाचा तांदूळ युद्धामुळे बंद झाला होता, हे खरे. पण १९४१ च्या मानाने १९४३ साली बंगालमध्ये धान्य कमी नव्हते, उलट काहीसे अधिकच होते, असे अमर्त्य सेन यांनी १९८१ मध्ये आकडेवारीनिशी दाखवून दिले. भाव चढले, शेतमजूर, कोळी आणि कारागीर यांची मजुरी मात्र जागीच राहिली. दुकानात तांदूळ आणि दाराशी प्रेत, असा तो दुष्काळ होता. आयोगाने बंगाल सरकार व हिंदुस्थान सरकार या दोघांवरही ठपका ठेवला. बिनय रंजन सेन त्याच शासनयंत्रणेचे एक घटक होते, हे त्यांचे चरित्र सांगताना गाळून चालणार नाही. १९४३ मध्येच ते केंद्र सरकारच्या अन्नखात्याचे महासंचालक झाले. धान्याची खरेदी, वाहतूक व शिधावाटप यांचा देशव्यापी व्याप त्यांच्याकडे आला.

स्वातंत्र्यानंतर त्यांनी वॉशिंग्टन, रोम व टोकियो येथे भारताचे प्रतिनिधित्व केले. १९५६ साली संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेचे महासंचालक म्हणून त्यांची निवड झाली. या पदावर आलेले ते आशियातील पहिलेच गृहस्थ. संघटनेचे रोममधील कार्यालय ज्या वास्तूत आहे, ती मुसोलिनीच्या राजवटीत इटलीच्या आफ्रिकी वसाहतींच्या मंत्रालयासाठी योजलेली होती. तेथे आता वसाहतीत जन्मलेला एक अधिकारी प्रमुख होऊन बसला, आणि थोड्याच वर्षांत आफ्रिकेतील नवस्वतंत्र राष्ट्रे सभासद म्हणून त्याच दारातून आत आली.

तोवर या संघटनेचे मुख्य काम म्हणजे आकडे गोळा करणे, संशोधन करणे आणि सल्ला देणे. सेन यांनी तिला प्रत्यक्ष शेताच्या बांधावर नेण्याचा प्रयत्न केला. १ जुलै १९६० रोजी त्यांनी भूकमुक्तीची जागतिक मोहीम सुरू केली. तिचे वैशिष्ट्य हे की, ती सरकारांपुरती मर्यादित नव्हती. धर्मसंस्था, विद्यार्थी, महिलामंडळे अशा सर्वांना तिने हाक दिली. १९६३ साली भारतासह अनेक देशांनी तिच्यासाठी टपाल तिकिटे काढली. त्याच वर्षी संघटनेच्या पाहणीने जाहीर केले की, जगातील निम्म्यापर्यंत लोक भुकेने वा कुपोषणाने ग्रासलेले आहेत.

१९६१ च्या अखेरीस जागतिक अन्न कार्यक्रमाची स्थापना झाली. श्रीमंत देशांतील शिलकी धान्य केवळ दान म्हणून न वाटता ते विकासकार्याला जोडावे, ही त्यामागील कल्पना. धरणाचे, रस्त्याचे वा जमीनसुधारणेचे काम करणाऱ्याला मजुरीचा काही भाग धान्यरूपाने मिळाला, तर आज पोट भरते आणि उद्याचे पीकही वाढते. यात धोकाही होताच. फुकट आलेल्या धान्याने स्थानिक शेतकऱ्याचा भाव पडू शकतो, ही टीका तेव्हापासून होत आली आहे, आणि ती निराधार नाही. तीन वर्षांच्या प्रयोगासाठी निर्माण झालेला हा कार्यक्रम १९६५ मध्ये कायम करण्यात आला. २०२० साली त्याला शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले.

सेन १९६७ साली निवृत्त झाले आणि १९९३ मध्ये निवर्तले. त्यांच्या नावाने संघटनेने जो पुरस्कार ठेवला, तो रोममधील कचेरीत बसणाऱ्यांसाठी नव्हे, तर दूरदेशी शिवारात काम करणाऱ्या अधिकाऱ्यांसाठी. योगायोग असा की, अन्न व कृषी संघटनेची स्थापनाही १६ ऑक्टोबरचीच, १९४५ सालची. त्या दिवशी जग अन्नदिन पाळते. मेदिनीपूरच्या किनाऱ्यावर त्याच तारखेला भाताची शेते बुडाली होती. धान्य पिकणे आणि ते भुकेल्याच्या ताटात पडणे, यांमध्ये जे अंतर असते ते तोडणे हेच शासनाचे काम. बंगालमध्ये ते वेळेवर तुटले नाही, आणि त्याची किंमत लाखो माणसांनी भरली.