सातबाऱ्याच्या संगणकाचा खर्च कुणी सोसायचा?

रत्नागिरी जिल्ह्यातला संगणकीय सातबारा, दुय्यम निबंधक कार्यालयातली दस्त नोंदणी आणि रेशन दुकानातलं ई-पॉस मशीन ही कामं राज्याची. पण त्यांमागच्या यंत्रणेसाठी पैसा राज्य आणि केंद्र अशा दोन तिजोऱ्यांतून आला. जमीन महसूल आणि हक्कनोंदी घटनेच्या सातव्या अनुसूचीत राज्यसूचीत येतात, दस्त नोंदणी समवर्ती सूचीत. म्हणून केंद्र इथे योजनेच्या वाटेने येतं आणि वाट्याचं प्रमाणही योजनेगणिक बदलतं.

भूमी अभिलेखांच्या संगणकीकरणाचा पहिला प्रयोग 1988-89 मध्ये देशातल्या आठ जिल्ह्यांत झाला. महाराष्ट्रातून वर्धा निवडला गेला आणि खर्च पूर्णपणे केंद्राने उचलला. 2008 मध्ये राष्ट्रीय भूमी अभिलेख आधुनिकीकरण कार्यक्रम आला तेव्हा एकाच कामाचे तुकडे पडले. हक्कनोंदी संगणकात भरण्याचा पूर्ण खर्च केंद्राचा, पुनर्मोजणीचा निम्मा, आणि दस्त नोंदणीच्या संगणकीकरणात महाराष्ट्रासारख्या राज्यांना केंद्राकडून फक्त 25 टक्के. खरेदीखत नोंदवलं की फेरफार आपोआप तलाठ्याकडे जावा, हा साऱ्या खटाटोपाचा हेतू. त्याच साखळीतल्या दोन कड्यांना दोन दर लावण्यामागचं तर्कशास्त्र लेखापालालाच उमगावं. एप्रिल 2016 पासून हा कार्यक्रम डिजिटल इंडियाच्या नावाखाली पूर्णपणे केंद्राच्या खर्चाने चालू लागला. मात्र कोकणात एकेका हिस्सा नंबरावर भावकीतली डझनभर नावं असतात, निम्मी मुंबईत. अशा उताऱ्याची नोंद तपासायला लागणारा वेळ कुठल्याच टक्केवारीत दिसत नाही.

यंत्रणा उभारणं एक, चालवणं दुसरं. राज्यव्यापी नेटवर्कच्या ‘स्वान’ योजनेला मार्च 2005 मध्ये मंजुरी मिळाली. एकूण 3,334 कोटी रुपयांपैकी 2,005 कोटी केंद्रीय माहिती तंत्रज्ञान विभागाचं अनुदान होतं, तेही पाच वर्षांसाठी. मुदत संपली तरी जोडणीचं भाडं, राउटरची बदली आणि देखभाल करणाऱ्यांचा पगार थांबत नाही. तो बोजा मग राज्याच्या अंदाजपत्रकावर येतो, आणि उद्घाटनाची फीत कापून झालेल्या वस्तूसाठी अर्थ खात्याकडून पैसे काढणं कुणालाही अवघडच जातं.

रेशनमध्ये वेगळीच पद्धत आहे. सार्वजनिक वितरणाच्या संगणकीकरणाला 2012 मध्ये मंजुरी मिळाली, तेव्हा सर्वसाधारण राज्यांसाठी प्रमाण 50:50 आणि ईशान्येकडील राज्यांसाठी 90:10 ठरलं. दुकानातल्या मशीनचा खर्च मात्र धान्याच्या वजनाला बांधला गेला: मशीनवरून विकलेल्या दर क्विंटलमागे जादा 17 रुपये, 2022 पासून 21, त्यात केंद्र-राज्य निम्मे निम्मे. म्हणजे महिन्याला 100 क्विंटल खपवणाऱ्या शहरी दुकानामागे 2,100 रुपये, तर संगमेश्वर किंवा लांज्याच्या डोंगरवाडीतल्या 30 क्विंटलच्या दुकानामागे 630. मशीन तेच. रेंजसाठी खटपट मात्र डोंगरातच जास्त. खर्च वजनानुसार वाढत नसताना भरपाई वजनानुसार देणं, ही या सूत्राची उघड चूक आहे.

सगळ्यात मोठा पेच सामायिक यंत्रणेचा. ओळख पटवणं, कुटुंबाची माहिती, उत्पन्नाचा दाखला हे रेशन, पेन्शन, शिष्यवृत्ती साऱ्यांनाच लागतं. पण पैसे योजनेच्या नावावर येतात, उपयोगिता प्रमाणपत्रही त्याच नावाने द्यावं लागतं. साहजिकच प्रत्येक खातं आपलं वेगळं पोर्टल काढतं. अमेरिकेतही हाच तिढा होता. तिथल्या ‘ए-87’ परिपत्रकानुसार ज्या कार्यक्रमाला जितका लाभ, तितका खर्च त्याच्या माथी. 2011 मध्ये या नियमाला अपवाद केला गेला: ‘मेडिकेड’ या गरिबांसाठीच्या आरोग्य योजनेसाठी 90 टक्के संघीय पैशातून राज्यांनी उभारलेली पात्रता तपासणीची यंत्रणा अन्नसाहाय्यासारख्या कार्यक्रमांनाही वापरता येईल, त्यांनी फक्त स्वतःपुरता वाढीव खर्च द्यायचा. ही सवलत 2018 अखेर संपली.

भारतात 2015-16 पासून बहुतेक मुख्य केंद्र पुरस्कृत योजनांचं प्रमाण 60:40 झालं. 2016 पासून अशा योजनेच्या तरतुदीपैकी 25 टक्क्यांपर्यंत रक्कम राज्यांना लवचीक निधी म्हणून वापरता येते. पण तो निधीही त्या योजनेच्या उद्दिष्टाशी जोडलेला असतो. दोन योजनांचे लवचीक निधी एकत्र करून एकच सर्व्हर घेण्याची आणि त्याचा पुढचा चालू खर्च दोघींत विभागण्याची सरळ तरतूद झाली, तर राज्यांची निम्मी अडचण तिथेच सुटेल.