खाड्यांनी आखलेला रस्ता

वरळीच्या टेकडीत बेडूक सापडले होते. जिवंत नव्हे, दगड झालेले. इंग्रजांच्या काळात इथला खडक फोडताना लाव्ह्याच्या दोन थरांमध्ये दबलेला तळ्याचा गाळ उघडा पडला आणि त्यातून इवल्याइवल्या बेडकांचे सांगाडे निघाले. रिचर्ड ओवेन यांनी १८४७ साली त्यांचं वर्णन केलं. ‘डायनोसॉर’ हे नाव ज्यांनी दिलं, तेच हे ओवेन. म्हणजे आज वरळी कोळीवाड्यात जिथे जाळी वाळत घातलेली दिसतात, तिथून जवळच सहा-साडेसहा कोटी वर्षांपूर्वी गोड्या पाण्याचं तळं होतं. आजूबाजूला लाव्हा थिजलेला, पुढचा उद्रेक यायचा बाकी, आणि मधल्या उसंतीत बेडूक आपले निवांत डरावताहेत!

हे बेडूकपुराण लावायचं कारण सायकल.

रस्त्यावर सायकल चालवणाऱ्या मंडळींना आयर्लंडचं भारी वेड असतं. डिंगल, केरी, बेआरा ही तिथल्या किनाऱ्यावरची नावं त्यांना तोंडपाठ असतात. एका हाताला अटलांटिक, दुसऱ्या हाताला हिरवी कुरणं, मध्ये चुना न लावता नुसते दगडावर दगड रचून घातलेले बांध, आणि त्यांच्यामधून वळणं घेत गेलेला अरुंद रस्ता. पश्चिम किनाऱ्यावरच्या अशा रस्त्यांना २०१४ साली ‘वाइल्ड अटलांटिक वे’ या नावाखाली एकत्र गुंफलं. लांबी सुमारे २५०० किलोमीटर. फोटो बघून आपल्याकडचे सायकलवाले सुस्कारा टाकतात, की असा रस्ता इथे कुठला!

आहे की. कोळीवाड्यातून दक्षिणेकडे तोंड केलं की तो सुरू होतो आणि कोकणचा किनारा धरून तेरेखोलपर्यंत जातो. सुमारे ५०० किलोमीटर. शिवाय साम्य नुसतं दिसण्यापुरतं नाही. आधी लाव्हा, मग पाऊस, मग समुद्र, या तिघांनी मिळून हा किनारा घडवला. आणि आयर्लंडातही हेच तिघे कामाला होते.

पण आधी मुंबईतून बाहेर पडायला हवं. कोळीवाड्याच्या टोकाला, किल्ल्याच्या बुरुजाशी उभं राहिलं की समोर वांद्रे-वरळी सी लिंक दिसतो. लांबी ५.६ किलोमीटर, २००९ पासून सुरू, आणि सायकलला बंदी. कोस्टल रोडच्या मुख्य रस्त्यावरही बंदीच. शहरातले समुद्रावरचे सगळ्यात देखणे रस्ते सायकलवाल्याने लांबूनच बघायचे. कोळ्यांचं गाऱ्हाणं याहून मोठं होतं. कोस्टल रोडच्या खांबांमध्ये ६० मीटरचं अंतर ठेवलं, तर उधाणात आणि वाऱ्यात होड्या त्यातून सुखरूप कशा काढायच्या? बरीच वर्षं झगडल्यावर, डिसेंबर २०२२ मध्ये, ते अंतर १२० मीटर करायचं सरकारने मान्य केलं. पूल वरून जातो, पण त्याच्या खालूनही कुणाची तरी वाट जात असते हे नकाशा काढणाऱ्याच्या ध्यानात राहत नाही. हा मुद्दा पुढे खाड्यांवरच्या पुलांपाशी पुन्हा भेटेल.

तेव्हा सायकल जमिनीवरूनच काढायची. डॉ. अ‍ॅनी बेझंट रोडने वरळी नाका, मग लोअर परळ, करी रोडचा पूल, लालबाग आणि पूर्वेला भाऊचा धक्का. जाता जाता एक गंमत. ज्यांच्या नावाच्या रस्त्याने आपण निघालो त्या बेझंटबाई जन्मल्या लंडनला, १८४७ सालीच, पण घराणं आयरिश वळणाचं. त्यांनी १९१६ मध्ये जी होमरूल लीग काढली तिचं नाव आणि कल्पना दोन्ही आयर्लंडच्या चळवळीतून आलेली. वरळीतून निघताना आयर्लंड असं आधीच चाकाखाली असतं.

भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला जाणाऱ्या रो-रो बोटीवर २०२० पासून सायकल रीतसर तिकीट काढून नेता येते. मांडव्याला उतरलं की मुंबई एकदम संपते. अलिबाग, रेवदंडा, कुंडलिकेवरचा पूल, कोर्लई, काशीद, मुरूड. हा पहिला टप्पा सोपा, वाड्यांमधून जाणारा. दोन्ही बाजूंना माड-पोफळी, अंगणात वाळत घातलेल्या सुपाऱ्या, आणि उन्हाळ्याच्या तोंडावर आलात तर मोहोराचा वास.

इथे वाऱ्याविषयी बोललं पाहिजे, कारण सायकलवाल्याला चढापेक्षा वारा जास्त छळतो. चढ निदान डोळ्यांना दिसतो. शाळेत आपण खारे वारे आणि मतलई वारे घोकतो आणि परीक्षेनंतर विसरतो. ते खरोखर काय असतात हे कळायला हिवाळ्यात या रस्त्यावर यावं. रात्री जमीन लवकर थंड होते, समुद्र ऊब धरून राहतो. म्हणून पहाटे वारा जमिनीवरून समुद्राकडे वाहतो. तो मतलई. होडीला बाहेर जायला तो सोयीचा, आणि सायकलला त्याचा त्रास नाही, कारण तो मंद असतो नि कडेने येतो. दहा-अकरा वाजले की जमीन तापते, तिच्यावरची हवा वर उठते आणि तिची जागा घ्यायला समुद्रावरून खारा वारा आत शिरतो. हिवाळ्यात आपल्या किनाऱ्यावर तो बहुतेक वायव्येकडून येतो, म्हणजे गोव्याकडे निघालेल्याच्या पाठीवर. दुपारी पाय बोलायला लागतात तेव्हाच मागून कुणी हात लावावा, अशी ही सोय. आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर वर्षभर नैर्ऋत्येचा जोर असतो, म्हणून तिथले अनुभवी लोक दक्षिणेकडून उत्तरेला जातात. आपण उत्तरेकडून दक्षिणेला. दोघांचं शहाणपण एकच, की वाऱ्याशी हुज्जत घालू नये.

मुरूडनंतर जंजिरा उजव्या हाताला ठेवून आगरदांड्याला यायचं आणि फेरीबोटीने दिघीला उतरायचं. पुढे दिवेआगरहून श्रीवर्धनला आतल्या बाजूने जाणारा रस्ता आहे. तो सोडून द्यावा. भरडखोल, शेखाडी, आरावी असा समुद्राला खेटून जाणारा रस्ता धरावा. डोंगराच्या कुशीत कोरलेला, कधी लाटांच्या पातळीला उतरणारा, कधी शंभर पावलं वर चढून सगळा किनारा दाखवणारा. माझ्या मते महाराष्ट्रात सायकलसाठी याहून देखणे वीस किलोमीटर नाहीत. डिंगलच्या स्ली हेडचं कौतुक करणाऱ्यांनी एकदा इथे यावं.

हरिहरेश्वरपर्यंत खडक काळा, आपल्या वरळीचाच बेसॉल्ट. बाणकोटची खाडी ओलांडून रत्नागिरी जिल्ह्यात शिरलं की रंग पालटू लागतो. रस्त्याची कड तांबडी, घरांचे चिरे तांबडे, वाडीभोवतीचे गडगे तांबडे. संध्याकाळी सायकल उलटी करून टायर बघा. खाचांमध्ये लोखंडाच्या गंजासारखी लाल खर बसलेली असते, आणि ती खरोखर लोखंडाचा गंजच असते. हा जांभा. बेसॉल्टवर लाखो वर्षं कडक ऊन आणि धो धो पाऊस पडला की त्यातली सिलिका विरघळून वाहून जाते, मागे लोह आणि अ‍ॅल्युमिनियमची ऑक्साइडं उरतात. खाणीतून काढताना मऊ, म्हणून चिरा सहज कापता येतो. हवा लागली की घट्ट होतो, म्हणून घर पिढ्यान्‌पिढ्या टिकतं. अ‍ॅल्युमिनियम जिथे जास्त साचलं तिथे बॉक्साइट निघतं, दापोली तालुक्यात निघतंही.

आता आयर्लंडच्या ईशान्य कोपऱ्यात, अँट्रिम परगण्यात जाऊ. तिथे समुद्रकाठी षट्‌कोनी दगडी खांबांचा प्रसिद्ध ‘जायंट्स कॉजवे’ आहे. अंधेरीची गिल्बर्ट टेकडी ज्यांनी पाहिली असेल त्यांना तसले खांब नवे नाहीत. लाव्हा सावकाश निवताना आकसतो आणि त्याला अशा उभ्या भेगा पडतात. पण कॉजवेच्या कड्याकडे नीट बघितलं तर काळ्या दगडाच्या दोन थरांमध्ये एक तांबडा पट्टा दिसतो. तो काय असेल? जांभा! सुमारे सहा कोटी वर्षांपूर्वी तिथे लाव्हा वाहिला, मग दीर्घकाळ थांबला, आणि त्या थांबलेल्या काळात आयर्लंडात कोकणासारखी दमट, उष्ण हवा होती. पावसाने दगड कुजवून लाल केला. त्यावर पुन्हा लाव्हा आला आणि तो थर गाडला गेला. एकोणिसाव्या शतकात अँट्रिमच्या याच थरातून लोखंडाची खनिजं काढत. आज बाराही महिने स्वेटर घालणाऱ्या त्या देशाच्या पोटात एक अख्खं कोकण पुरून ठेवलेलं आहे. आणि वरळीच्या बेडकांचं तळंही लाव्ह्याच्या अशाच एका विश्रांतीत भरलेलं होतं.

त्याच अँट्रिमला लागून बेलफास्ट शहर. तिथे जॉन बॉइड डनलॉप नावाच्या गुरांच्या डॉक्टराने १८८८ साली मुलाच्या तीनचाकीला रबराच्या हवा भरलेल्या नळ्या बसवल्या, कारण दगडी फरसबंदीवर पोराला हादरे बसत. हवेच्या टायरची कल्पना त्याच्या आधीही एकाला सुचली होती, पण चालली डनलॉपची. पुढच्याच वर्षी बेलफास्टमध्ये विली ह्यूमने असल्या टायरवर शर्यती मारल्या आणि भरीव टायरचे दिवस भरले. मुंबईहून १९२३ साली जगप्रदक्षिणेला निघालेले पारशी तरुण, त्यातले तिघे १९२८ मध्ये सुमारे ७१,००० किलोमीटर करून परतले, ते याच हवेच्या भरवशावर. हर्णैच्या चढावर पंक्चर झालं की मात्र डनलॉपसाहेबांची आठवण वेगळ्या शब्दांत निघते.

चढांवरून आठवलं. किनाऱ्याचा रस्ता म्हणजे सपाट, असं समजून जे येतात त्यांची इथे चांगली जिरते. गाव खाडीच्या तोंडाशी, पाण्याच्या पातळीला. गाव सोडलं की अंगावर येणारा चढ. वर जांभ्याचा उघडा सडा, वारा आणि आभाळ. सडा संपला की घसरगुंडीचा उतार, खाली पुढची खाडी, आणि पलीकडे पुन्हा चढ. दापोलीसारखं गाव तर समुद्रापासून एवढं जवळ असून ८०० फूट उंचीवर. एकही नाव घेण्याजोगा घाट लागत नाही आणि दिवसअखेर घाट चढल्याइतकी दमछाक झालेली असते.

असं का, याचं उत्तर हिमयुगात आहे. सुमारे २०,००० वर्षांपूर्वी पृथ्वीवरचं इतकं पाणी बर्फात अडकलं होतं की समुद्राची पातळी आजच्यापेक्षा जवळजवळ १२० मीटर खाली होती. किनारा बराच पश्चिमेला. सह्याद्रीतून येणाऱ्या नद्या तिथवर पोचायला आपापल्या खोल दऱ्या कापत गेल्या. मग बर्फ वितळलं, समुद्र चढला आणि त्या दऱ्यांमध्ये घुसला. आपण ज्यांना खाड्या म्हणतो त्या म्हणजे बुडालेल्या नद्या. महाबळेश्वरची सावित्री बाणकोटला खाडी झाली, वाशिष्ठी दाभोळला, शास्त्री जयगडला. केरीमध्येही समुद्राचे लांबच लांब हात जमिनीत शिरलेले आहेत, तेही असेच बुडालेल्या दऱ्यांचे. त्यातल्या एकाला तर लोक अजून केनमेअर ‘नदी’च म्हणतात, पाणी खारं असूनही.

या बुडालेल्या दऱ्यांमुळेच रस्ता तुटत गेला, आणि तुटल्यामुळेच राहिला. दाभोळला उभं राहिलं की पलीकडचं धोपावे दिसतं, पण गाडीरस्त्याने जायचं तर थेट चिपळूणकडून वळसा. २००३ मध्ये फेरीबोट सुरू झाली तेव्हा तो वाचला. बोटीचं फाळकं खाली पडतं, ओल्या उतारावरून सायकल ढकलत आत न्यायची, कठड्याला टेकवून ठेवायची. शेजारी मोटारसायकली, एखादा टेम्पो, पाटी घेऊन बसलेली मावशी. ओहोटी असेल तर उतार लांब आणि निसरडा. क्लीटचे बूट घालून इथे मिरवू नये. काही मिनिटांत पलीकडे. पुढे तवसाळ-जयगडलाही हाच प्रकार.

रत्नागिरीच्या दक्षिणेला पावस, पूर्णगड आणि मग कशेळी. इथे सायकल सोडून थोडं चालावं. सड्यावर हत्तीचं प्रचंड कातळशिल्प आहे, उभं राहून एका नजरेत न मावणारं, आणि त्याच्या रेषांच्या आत इतर कितीतरी प्राण्यांच्या आकृती. कुणी, का कोरलं, याची लेखी नोंद नाही. कोकणातली कातळशिल्पं २०२२ पासून युनेस्कोच्या संभाव्य यादीत आहेत. एवढा मोठा फळा जांभ्यानेच पुरवला: सपाट, झाडं नसलेला, आणि हातातलं हत्यार टणक असेल तर कोरता येणारा. पुढे जैतापूर, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ले, आणि रेडी ओलांडून तेरेखोल.

रेवस ते रेडी सागरी महामार्गाचं स्वप्न बॅरिस्टर अंतुले यांच्या काळापासूनचं. आता खाड्यांवर मोठे पूल बांधायचं काम हाती घेतलेलं आहे. व्हायलाच हवेत, अडलेल्या बाळंतिणीला फेरीबोटीची वेळ सांगून चालत नाही. प्रश्न एवढाच, की त्या पुलांवर कडेला हातभर जागा सायकलला आणि पायी माणसाला ठेवणार की सी लिंकसारखी पाटी लावणार, आणि खालच्या खांबांमधून होड्या जातील ना. वरळीच्या कोळ्यांना विचारलं, तर हे खांब रोवायच्या आधीच विचारावं, एवढं ते नक्की सांगतील.

राहिला परतीचा प्रवास. गोव्याहून सायकलने मुंबईला येता येतं, पण मग तोच वायव्येचा वारा छातीवर घ्यावा लागतो. म्हणून बहुतेक जण सावंतवाडीला किंवा थिवीला सायकल बुक करतात आणि ती कोकण रेल्वेच्या सामानाच्या डब्यात चढवतात. पेडल काढून ठेवावीत, हँडल आडवं करून बांधावं, आणि पावती जपून ठेवावी. दादरला गाडी फार वेळ थांबत नाही.