सोयाबीन बियाण्यासाठी मळणी यंत्राची जुळणी

सोयाबीनच्या दाण्याचे आवरण अतिशय पातळ असते व अंकुर त्याला लागूनच असतो. मळणीत ड्रमचा मार जास्त बसल्यास दाणा वरून चांगला दिसला तरी त्याची उगवणशक्ती कमी होते. घरचे बियाणे ठेवणाऱ्या शेतकरी बंधूंवर मग जून-जुलैमध्ये दुबार पेरणीची पाळी येते. म्हणून बियाण्याची मळणी सुरू करण्यापूर्वी यंत्राची तपासणी व जुळणी करून घ्यावी.

मळणीपूर्व तपासणी : विद्युत मोटार बंद करून व पट्टा उतरवून ड्रम हाताने फिरवून पाहावा. खरखर आवाज आल्यास बेअरिंग तपासावे व ग्रीस भरावे. ड्रमचे सैल झालेले दाते घट्ट करावेत. झिजलेला दाता बदलताना त्याच्या समोरचा दाताही त्याच वजनाचा बसवावा, नाहीतर ड्रमचा तोल जाऊन यंत्र थरथरते. पट्ट्याला तेल किंवा ग्रीस लागू देऊ नये.

ड्रमची गती : दाण्यात १४ टक्के ओलावा असल्यास ड्रमचे मिनिटाला ४०० ते ५०० फेरे ठेवावेत. ओलावा १३ टक्के असल्यास ३०० ते ४०० फेरे पुरेत. मोटारीचे फेरे गुणिले मोटारीच्या पुलीचा व्यास, भागिले ड्रमच्या पुलीचा व्यास, हा हिशोब लक्षात ठेवावा. उदाहरणार्थ, १४४० फेऱ्यांच्या मोटारीवर ४ इंची पुली व ड्रमवर १२ इंची पुली असल्यास ड्रमचे ४८० फेरे होतात. ड्रमवर १६ इंची पुली बसविल्यास ते ३६० वर येतात.

जाळीतील अंतर : ड्रम व खालची जाळी यांतील अंतर दोन्ही बाजूंस सारखे असावे. प्रथम थोडे पीक घालून दाणे व भुसा पाहावा. डाळ जास्त होत असल्यास आधी गती कमी करावी, मग अंतर किंचित वाढवावे. शेंगा न फुटता बाहेर येत असल्यास पीक आणखी वाळवावे. तरीही न फुटल्यास अंतर थोडे कमी करावे. भुशाबरोबर दाणे उडत असल्यास पंख्याची हवा कमी करावी. एका वेळी एकच बदल करावा, म्हणजे दोष नेमका कळतो.

सुरक्षितता : पीक घालण्याचा पन्हाळा किमान ९० सें.मी. लांब व त्याचा ड्रमकडील ४५ सें.मी. भाग झाकलेला असावा. सैल कपडे, हातातील कडे व पदर यांबाबत विशेष काळजी घ्यावी. यंत्र चालू असताना कोणतीही दुरुस्ती करू नये.

मळणीनंतर १०० दाणे ओल्या गोणपाटात ठेवून उगवण तपासावी. ७० किंवा अधिक दाणे चांगले उगवल्यास ते बियाणे राखावे. कमी उगवल्यास उरलेल्या पिकाची मळणी गती कमी करून करावी.